कोल्डप्लेची ‘हिम फॉर द वीकेंड’ ध्वनिचित्रफीत : एका वादाचे सांस्कृतिक आकलन

प्रस्तावना :
कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गीताची ध्वनिचित्रफीत जानेवारी २०१६ मध्ये प्रसारित झाली. दिग्दर्शक बेन मोर यांनी मुंबई व वसई परिसरात तिचे चित्रण केले. अमेरिकन गायिका बियॉन्से तीत हिंदी चित्रपटातील नायिकेच्या रूपात दिसते. प्रसारणानंतर लगेच उद्भवलेल्या वादात दोन भिन्न आक्षेप एकमेकांत मिसळले गेले. त्यांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

उसनवारीचा आक्षेप :
बियॉन्सेचा भारतीय पेहराव, दागिने व मेंदी ही सांस्कृतिक उसनवारी होय, असे काही टीकाकारांचे मत होते. प्रभुत्वशाली समाजाने इतरांची सांस्कृतिक चिन्हे संदर्भ वगळून केवळ शोभेसाठी वापरणे, असा या संज्ञेचा अर्थ आहे. तथापि बियॉन्से स्वतः कृष्णवर्णीय असून, रॉक संगीताची मुळेही कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज संगीतात आहेत. त्यामुळे उसने घेणारा कोण, एवढ्यावरून या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

साचेबद्धतेचा आक्षेप :
दुसरा आक्षेप दृश्यांच्या निवडीसंबंधी आहे. भगवी वस्त्रे ल्यालेले साधू, देवाच्या वेषातील निळ्या रंगाने माखलेले बालक, रंगांची उधळण व अरुंद गल्ल्या एवढ्यातच भारत सामावला जातो. कार्यालये, महाविद्यालये, कारखाने त्यात नाहीत. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला येथे केवळ निनावी भग्नावशेष म्हणून उरतो. स्थळ दिसते, परंतु त्याचा इतिहास दिसत नाही.

हिंदी चित्रपटही हेच दाखवतात, असा प्रतिवाद केला गेला. तो वस्तुस्थितीला धरून असला, तरी त्याने आक्षेपाचे निराकरण होत नाही. देशी प्रेक्षकाला चित्रपटाबाहेरचा भारत अनुभवाने ठाऊक असतो. परदेशी प्रेक्षकाला अनेकदा पडद्यावरील प्रतिमाच वास्तव वाटते.

निष्कर्ष :
वादामुळे बँडची लोकप्रियता ओसरली नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईत आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत त्याचे कार्यक्रम झाले. मात्र प्रतिमा कोण निवडतो, काय वगळतो व कोणासाठी, हे प्रश्न या वादाने पुढे आणले. समाजशास्त्र, इतिहास व जनसंवाद या विषयांच्या अध्यापनात ही ध्वनिचित्रफीत त्या दृष्टीने उपयुक्त ठरते. तिच्यावर बंदीची मागणी करण्यापेक्षा तिचे चिकित्सक वाचन करणे अधिक फलदायी होय.