सरकारी वकील आरोपीच्या पिंजऱ्यात

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे जिल्हा सरकारी वकील सेथ विल्यम्स यांनी २९ जून २०१७ रोजी, स्वतःवरील खटल्याची सुनावणी चालू असतानाच लाचखोरीचा गुन्हा कबूल केला, पदाचा राजीनामा दिला आणि न्यायालयातूनच त्यांची रवानगी तुरुंगात झाली. सरकारी वकील लाच खातो ही गोष्ट दुर्दैवाने जगात अपूर्व नव्हे. परंतु लाच म्हणजे काय हे ज्याने इतरांना तुरुंगाचा धाक घालून शिकविले, त्यानेच ती घ्यावी, हा प्रकार आम्हांस विशेष चिंतनीय वाटतो.

आपल्याकडे सरकारी वकिलाची नेमणूक सरकार करते. तेथे तो थेट मतदारांकडून निवडून येतो. कोणावर खटला भरावयाचा आणि कोणाला सोडावयाचे, हा अधिकार त्याच्या हाती असतो. विल्यम्स २००९ साली निवडून आले. पेनसिल्व्हेनिया राज्यात या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. अनाथ म्हणून जन्मलेला, दत्तक गेलेला मुलगा एवढ्या उंचीवर पोचला, याचा त्यांच्या समाजाला अभिमान वाटला असल्यास नवल नाही.

पुढे राज्याच्या महाधिवक्ता कॅथलीन केन यांनी लोकप्रतिनिधींच्या लाचखोरीचे एक प्रकरण दुबळे म्हणून गुंडाळून ठेवले. विल्यम्स यांनी ते हट्टाने उकरून काढले आणि २०१४-१५ मध्ये पाच आजी-माजी आमदारांवर आरोप ठेवले. रकमा काही हजार डॉलरांच्या, एकदोन तर त्याहूनही किरकोळ. वाहतूक न्यायालयाच्या एका माजी न्यायाधीशबाईंवरील आरोप तर एका ब्रेसलेटचा होता. रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान होत नाही, ही विल्यम्स यांची भूमिका योग्यच होती. केन यांनाही २०१६ साली खोट्या साक्षीसह अन्य गुन्ह्यांबद्दल शिक्षा झाली, तो भाग वेगळा.

आणि याच काळात विल्यम्स स्वतः काय करीत होते? एका व्यापाऱ्याच्या पैशाने सागरकिनारी सहल, दुसऱ्याकडून जुनी जॅग्वार मोटार, घराच्या छपराचे फुकट काम! सहलीच्या यजमानाला पाठविलेल्या संदेशात तर या अधिकाऱ्याने स्वतःला कृतज्ञ याचक म्हणवून घेतले. आणि त्याच यजमानाच्या एका परिचितावरील फौजदारी प्रकरणात लक्ष घालण्याची तयारी दर्शविली. भेटी जाहीर न केल्याबद्दल जानेवारी २०१७ मध्ये शहराच्या नीतिमंडळाने त्यांना ६२ हजार डॉलर दंड केला. मित्रांनी प्रेमाने दिलेल्या वस्तू, असा बचाव दुसऱ्या कोणी केला असता तर तो ऐकून घेता आला असता. ब्रेसलेटवर खटला भरणाऱ्याच्या तोंडी तो शोभत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. ज्या माउलीने या अनाथ मुलाला दत्तक घेऊन वाढविले, तिच्या शुश्रूषागृहाच्या खर्चासाठी असलेले निवृत्तिवेतनाचे पैसेही त्यांनी स्वतःसाठी वापरले. शिक्षा एकाच आरोपावर झाली. पण हे कृत्य त्यांनी न्यायालयात मान्य केले.

मार्च २०१७ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, तेही शेजारच्या न्यू जर्सीतील केंद्रीय सरकारी वकिलांकडून. कारण फिलाडेल्फियातील केंद्रीय कार्यालय या प्रकरणापासून दूर राहिले होते. एप्रिलमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विल्यम्स यांची सनद तहकूब केली. तरी हे महाशय जूनअखेरपर्यंत पदाला चिकटून राहिले! लक्षावधी नागरिकांच्या वतीने फिर्याद मांडणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख स्वतः न्यायालयात वकील म्हणून उभा राहू शकत नव्हता, आणि मतदारांनी निवडून दिले म्हणून त्याला कोणी तडकाफडकी दूरही करीत नव्हते. निवडणुकीने दिलेले स्वातंत्र्य असे निर्लज्जपणाचे कवच व्हावे, हे लोकशाहीच्या कैवाऱ्यांना विचार करावयास लावणारे आहे.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी विल्यम्स यांना पाच वर्षांची कैद झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी मतदारांनी त्या खुर्चीसाठी लॅरी क्रॅस्नर यांना निवडून दिले. क्रॅस्नर यांची हयात आरोपींचा बचाव करण्यात आणि पोलिसांना न्यायालयात खेचण्यात गेली होती. सरकारी वकिलीचा त्यांना दिवसाचाही अनुभव नव्हता.