मेहली मेहता : छडी खाली ठेवण्याचे धैर्य

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा संचालक, म्हणजे रूढ शब्दांत कंडक्टर, स्वतः एकही स्वर वाजवत नाही. व्हायोलिन, चेलो, बासरी, हॉर्न अशा ऐंशी-शंभर वादकांपुढे निरनिराळ्या स्वरलिपी असतात आणि त्या कोणत्या लयीत, किती जोराने एकमेकींत मिसळाव्यात हे तो हातातील छडीने, अर्थात बॅटनने, दाखवतो. रायगड-रत्नागिरीकडच्या खालूबाजा या लोकवाद्यांच्या मेळातील मोजके वादक एकमेकांकडे कान ठेवून ताल सांभाळतात. शंभर जणांना ते साधत नाही. मात्र गायकाला एकट्याने रियाज करता येतो, तसा संचालकाला वादकांवाचून करता येत नाही, आणि मुंबईत १९०८ साली जन्मलेल्या मेहली मेहतांपुढची खरी अडचण हीच होती.

व्हायोलिन त्यांनी बव्हंशी स्वतःच आत्मसात केले आणि १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पण पाश्चात्त्य संगीतावर पूर्ण वेळ जगणारे वादक या शहरात थोडेच होते. आपले शिक्षण अपुरे आहे हे ओळखून त्यांनी १९४५ साली, सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पत्नी व दोन लहान मुलांना मागे ठेवून न्यूयॉर्क गाठले आणि इव्हान गालामियन या नामवंत व्हायोलिनगुरूंकडे शिष्यत्व पत्करले. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या वाद्यवृंदाचे संचालन केले, तरी शहराचा आधार तोकडाच राहिला.

त्यांच्या चिकाटीची खरी कसोटी १९५५ साली लागली. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात ते जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले, म्हणजे संचालकाची छडी ठेवून वादकाच्या खुर्चीत बसले. नेतृत्वाची सवय झालेल्या माणसाला वयाच्या सेहेचाळिसाव्या-सत्तेचाळिसाव्या वर्षी हे करणे नकार पचवण्याहूनही अवघड असते. थोरला मुलगा झुबीन त्या सुमारास व्हिएन्नात संचालन शिकत होता. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकून तो पुढे जगप्रसिद्ध झाला आणि वडिलांची ओळख त्याच्या नावामागे झाकली गेली.

मेहलींनी १९५९ साली फिलाडेल्फियात कर्टिस चौकडीत, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या गटात, वादन केले आणि १९६४ साली लॉस एंजेलिसला येऊन अमेरिकन युथ सिंफनी स्थापन केली. तरुण वादकांना व्यावसायिक वाद्यवृंदांसाठी घडवणारी ही संस्था त्यांनी नव्वदीला येईपर्यंत, १९९८ पर्यंत, चालवली. मुंबईत जी शाळा त्यांना मिळाली नव्हती, ती त्यांनी परक्या देशातल्या पोरांसाठी उभारली.