ओवाळणी

भाऊबीजेला नांदेडहून लातूरला ताईकडे पोहोचलो, तो स्वयंपाकघरात निराळीच धांदल! मायक्रोवेव्ह सुरू होत नव्हता आणि दाजी स्क्रूड्रायव्हरने त्याच्या पाठीचे स्क्रू काढीत होते.

"प्लग काढलाय हो! आता कसला शॉक?" ते म्हणाले.

नांदेडला विजेची उपकरणे दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. मी सरळ त्यांचा हातच धरला.

वाचकहो, घात होतो तो इथेच. या पेटीतला कपॅसिटर २,००० व्होल्टच्या आसपास वीज साठवतो आणि प्लग काढल्यावरही ती त्याच्यात राहू शकते. तेव्हा पेटी उघडणे हे जाणत्या कारागिराचेच काम.

मग घरच्यांनी काय पाहावे? त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून वीज येते का, ते पाहावे. मुलांसाठीचे लॉक चुकून लागले असेल, तर ते काढावे. आणि दार! दाराचे आकडे ज्या खाचांत शिरतात, त्यांच्यामागे बारीक स्विच असतात. ते दाबले गेल्याशिवाय यंत्र चालतच नाही.

दाजींचे स्क्रू पुन्हा बसवून प्लग लावला. घड्याळ दिसले, लॉक नव्हते. प्लग काढून खाच पाहिली, तो आत चकलीचा तुकडा! दातकोरणीने तो अलगद काढला, दार लावले, 'टक्' वाजले. प्लग लावताच यंत्र घरघरू लागले.

संध्याकाळी ताईने ओवाळले. मी खिशात हात घातला, तशी ती दाजींकडे पाहून हळूच म्हणाली,

"राहू दे रे. यंदाची ओवाळणी तू सकाळीच घातलीस."