कपाटाची छुपी बिजागरी
पुस्तकांचे कपाट करवून घेताना आपण लाकूड पारखतो. बिजागरी मात्र दार कापल्यावर आठवते. वास्तविक दाराचे माप तिच्यावरच ठरते. सुतार जिला ‘ऑटो हिंज’ म्हणतात, त्या छुप्या बिजागरीचे तीन प्रकार आहेत. दार बाजूच्या फळीची कड पूर्ण झाकणार असेल तर सरळ. दोन दारे मधल्या एकाच फळीवर टेकणार असतील तर अर्धी वाकलेली. दार फळ्यांच्या आत बसणार असेल तर पूर्ण वाकलेली. तिच्या वाटीसाठी दाराला ३५ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे १२ मिलिमीटर खोल खड्डा पाडावा लागतो; म्हणून दार १८ मिलिमीटर जाडीचे घ्यावे. तीन फुटी दाराला दोन बिजागऱ्या पुरतात, सहा फुटी दाराला चार लागतात. सबब आधी बिजागरी आणावी, मग दार कापावे.