लाइन आली का?

मी नांदेडला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. माहेर लातूर जिल्ह्यातलं. धड्यात ‘लाइन’ शब्द आला की मुलं झटकन अर्थ सांगतात, ‘रेषा’. वर्गाबाहेर मात्र हीच मुलं तो कितीतरी अर्थांनी वापरतात.

‘लाइन आली का?’ असं शेतातून कुणी फोनवर विचारलं, तर प्रश्न मोटारीच्या थ्री-फेज विजेचा असतो. ती रात्री येणार असेल, तर घरातलं कुणीतरी बॅटरी घेऊन स्टार्टरपाशी जागं राहतं. ‘लाइन फुटली’ म्हणजे पाण्याची पाइपलाइन. ‘लाइनीत या’ म्हणजे रांगेत. आणि ‘पोरीला कोणत्या लाइनला घातलं?’ हा प्रश्न शिक्षणाचा.

या साऱ्यांचं मूळ लॅटिन ‘लिनम’मध्ये, म्हणजे आपण ज्याची चटणी करतो त्या जवसात. जवसाच्या खोडापासून धागा निघतो, त्याचं लिनन कापड होतं, दोरही वळतात. ताणून धरलेला दोर ती लाइन. त्यावरून रेघ, रांग, रूळ, तार आणि पुढे माणसाचा पेशा, असे अर्थ फुटत गेले.

लातूरला रेल्वेची लाइन आली १९११ मध्ये. बार्शी लाइट रेल्वे या कंपनीची, अडीच फूट रुंदीची. तिच्या जागी पुढे ब्रॉडगेज झाली. २०१६च्या दुष्काळात लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. त्या एप्रिलमध्ये याच ब्रॉडगेजवरून मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. गाडीची लाइन, पाण्याची लाइन आणि घागरींची लाइन हे तिन्ही अर्थ तेव्हा एकाच शहरानं एकाच वेळी अनुभवले.

म्हणून ‘लाइन’ला मी उसना शब्द मानत नाही. आमच्या माणसांनी त्याला वीज, पाणी, प्रवास आणि पोरांचं भवितव्य अशा मोलाच्या कामांना जुंपलं आहे. इंग्रजीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: असा शब्द शिकवताना आधी मुलांना विचारा, तुमच्या घरी तो कशाला म्हणतात? इंग्रजीची भीती घालवायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.