उन्हाचा कोट, पडण्याचा कोट

"आई, तुझा तो पांढरा सनकोट मला देशील का गं?" लेकीनं विचारलं आणि माझा हात आपसूक डाव्या कोपरावर गेला. तिथली खूण अजून आहे.

लेकीला यंदा नोकरी लागली. जालना ते अंबड, रोज स्कूटीवर जाणं-येणं. जाताना एवढं नाही, पण परतताना दुपारचे दोन-अडीच वाजतात. आपल्याकडचा एप्रिल-मे काय असतो ते मी जालनेकरणींना काय सांगू! पारा चाळिशीच्या पुढं, रस्त्यावर झाड नाही, समोरून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला खरा, पण तिथं दुचाकीला बंदी. आपल्या नशिबी आपले जुनेच रस्ते, त्यांवरचे ट्रक आणि कडेची खडी.

मीही याच रस्त्यानं कितीतरी वर्षं शाळेत गेले. माझा पोशाख ठरलेला. पंजाबी ड्रेस, त्यावर पातळ सुती सनकोट, डोळे सोडून सगळं तोंड झाकणारा स्कार्फ, पायात चप्पल. हेल्मेट? ते घरी कपाटावर. वाटायचं, एवढं गुंडाळून घेतलंय, आता काय होणार आहे!

२००९ च्या एप्रिलमध्ये एका वळणावर बारीक खडी पसरलेली होती. ब्रेक दाबला आणि गाडी पायाखालून निसटली. वेग फार नव्हता. तरी चार-पाच हात घसरत गेले. उठून बघते तर सनकोटाच्या बाहीच्या चिंध्या, कोपराचं आणि तळहातांचं कातडं सोलवटलेलं, मनगटात बांगडीची काच. डोकं आपटलं नाही ही देवाची कृपा, माझी हुशारी नव्हे. पंधरा दिवस भाकरी थापता आली नाही की वेणी घालता आली नाही. सासूबाईंनी घास भरवले.

तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. सनकोट हा उन्हाचा कोट आहे, पडण्याचा नाही. डांबरावर घसरताना पातळ कापड क्षणभरही टिकत नाही. साधी जीन्स थोडी बरी, पण तीही लवकर फाटते. लेगिंग किंवा सिंथेटिक ओढणी तर घासून तापते आणि वितळून कातडीला चिकटते.

म्हणून लेकीला म्हटलं, "सनकोट नाही देणार. तुला दुसरं काहीतरी घेऊ."

यावर घरात जे व्हायचं तेच झालं. हे म्हणाले, "जॅकेट? या उन्हात? पोरगी उकडून निघेल." शेजारच्या काकू हसल्या, "लढाईला पाठवतेस का गं लेकीला?"

उकडण्याचा प्रश्न खोटा नाही. पण मैत्रिणींनो, आपल्या शेतातल्या बायका आठवा. कापूस वेचताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट चढवतात ना? डोक्याला रुमाल गुंडाळतात ना? अंग उघडं टाकलं की गार वाटतं हा आपला समज सावलीत खरा, उन्हात नाही. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. वारा ४२ अंशांचा असला की तो अंगातली उष्णता काढून नेत नाही, उलट आणून ओततो. अशा वेळी गारवा देतो तो फक्त घाम, तोही वाळला तर. म्हणजे कापड असं हवं, की ऊन अडेल, पण घाम वाळण्यापुरता वारा आत खेळेल.

अशी जॅकेटं मिळतात. त्यांना मेश जॅकेट म्हणतात. छाती आणि पाठीला मजबूत धाग्याची जाळी. खांदे, कोपरं अशा आधी आपटणाऱ्या जागी जाड कापड आणि आत धक्का शोषणाऱ्या गाद्या. आम्ही मायलेकी संभाजीनगरला जाऊन बघून आलो. काय काय बघितलं ते सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल.

जॅकेट उजेडासमोर धरलं. पलीकडचा उजेड जाळीतून दिसला पाहिजे. तोंडानं फुंकर मारली. पलीकडे ठेवलेल्या तळव्याला वारा लागला पाहिजे. गाद्या बाहेर काढून बघितल्या. नुसता फोमचा तुकडा असेल तर तो शोभेचा. चांगल्या गादीवर 'सीई' ही खूण आणि ईएन १६२१ हा युरोपातल्या मानकाचा आकडा असतो. लेव्हल १ आणि त्याहून सरस लेव्हल २. अख्ख्या कपड्यासाठी ईएन १७०९२ हे वेगळं मानक आहे, त्यात एएए ही सगळ्यांत वरची पायरी. ती जाड आणि गरम असते. स्कूटीवर रोज जाण्या-येण्याला ए किंवा एए पुरे.

मग लेकीला दुकानाबाहेर स्कूटीवर बसवून हात हँडलवर ठेवायला लावले. उभं राहून बरोबर बसलेली बाही हात पुढं केल्यावर वर सरकते आणि कोपराची गादी भलतीकडे जाते. पडताना गादी कोपरावरच पाहिजे. म्हणून जॅकेट अंगासरशी हवं, पण आत सुती कुर्ता मावेल इतपत. रंग फिका घेतला. काळा उन्हात तापतो आणि संध्याकाळी ट्रकवाल्याला दिसत नाही.

आता गार ठेवण्याची युक्ती. माठ आठवा. पाझरलेलं पाणी वाळतं, म्हणून आतलं गार होतं. निघताना आतला सुती कुर्ता ओला करून पिळायचा आणि वरून जाळीचं जॅकेट घालायचं. आपल्या कोरड्या हवेत हा माठ झकास चालतो. कोकणातल्या दमट हवेत तितका नाही चालणार. मात्र अंगातलं पाणी झपाट्यानं जातं, म्हणून निघण्याआधी आणि वाटेत पाणी प्यायचंच. चक्कर आली, मळमळलं, घाम येईनासा झाला तर पहिल्या लिंबाच्या सावलीत गाडी लावायची आणि मदतीला फोन करायचा. तेवढ्यात पोचू म्हणत पुढं रेटायचं नाही.

एवढा खर्च प्रत्येकीला झेपत नाही, हे मलाही कळतं. बरं जॅकेट चार-पाच हजारांच्या पुढेच जातं. नसेल जमत तर शिंप्याकडून जाड सुती कॅनव्हासचा सैलसर कोट शिवून घ्या, आणि कोपर-गुडघ्याचे गार्ड वेगळे विकत आणा. जॅकेटची बरोबरी होणार नाही, पण माझ्या त्या पातळ सनकोटापेक्षा शतपटीनं बरं. हातमोजे आणि बंद बूट मात्र सोडू नका. पडताना माणूस आधी हातच टेकतो.

आणि हेल्मेट. आयएसआय खूण बघूनच. १ जून २०२१ पासून तर त्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. मागं बसणारीलाही ते हवंच, कायद्यानंही. स्कार्फची जाड गाठ आणि केसातला क्लचर असला की हेल्मेट डोक्यावर नुसतं तरंगतं. त्याऐवजी पातळ सुती टोपी आणि खाली मानेवर सैल वेणी.

शेवटचं, ओढणी. कुर्त्याच्या आत खोचा, नाहीतर डिकीत ठेवा. मागच्या चाकाला साडी-गार्ड असतो ना, तो उगाच नाही. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्ध्याहून कमी चाक झाकायचं नाही, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियमच आहे. पण आपली ओढणी गळ्याभोवती असते. ती चाकात गेली तर फास गळ्याला बसतो.

पहिल्या दिवशी लेक जॅकेट घालून निघाली तेव्हा गल्लीतली पोरं बघत राहिली. ती जरा ओशाळली. दुपारी आली तेव्हा तोंड लालबुंद होतं. मी काळजीनं विचारलं, "फार उकडलं का गं?"

"उकडलं," ती म्हणाली. "सिग्नलला थांबलं की जास्तच. पण गाडी चालू असताना बरं वाटतं. हात बघ, भाजले नाहीत."

परवा काकूच दारात आल्या. त्यांची सून आता स्कूटी शिकतेय. म्हणाल्या, "ते लढाईचं जॅकेट कुठल्या दुकानात मिळतं, तेवढं सांग बाई."

माझा सनकोट मी टाकून दिलेला नाही. फाटक्या बाहीसकट कपाटात घडी करून ठेवलाय. सुनेला जॅकेट जड वाटलंच, तर काकूंना तो दाखवायचा.