वर्णभेदाचे निर्मूलन आणि वर्गाध्यापनाची रचना : ऑस्टिन येथील जिगसॉ पद्धतीच्या संदर्भात

प्रस्तावना

समाजातील वर्णभेद शाळेच्या फाटकाबाहेर थांबत नाही. तो बाकांच्या रांगेत, मधल्या सुट्टीतील डब्याभोवती आणि मुलांनी एकमेकांना ठेवलेल्या टोपणनावांत उतरतो. त्यावर उपाय म्हणून शाळा बहुधा उपदेशाचा आणि भित्तिपत्रकांचा आधार घेतात. तथापि परस्परांविषयीचा आदर उपदेशापेक्षा दैनंदिन कामाच्या रचनेतून अधिक निर्माण होतो. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात झालेल्या प्रयोगाच्या आधारे प्रस्तुत लेखात याचे विवेचन केले आहे.

एकत्र बसणे अपुरे का ठरले?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यात सार्वजनिक शाळांतील वर्णाधारित पृथक्करण घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन गटांतील संपर्कामुळे पूर्वग्रह कमी व्हावयाचा असेल, तर समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचे पाठबळ या चार अटी महत्त्वाच्या आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले.

टेक्सास राज्यातील ऑस्टिनच्या शाळांत १९७१ मध्ये पृथक्करण संपविण्यात आले. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले एकाच वर्गात आली. पण त्याबरोबर तणाव आणि मारामाऱ्याही आल्या. टेक्सास विद्यापीठातील एलियट अ‍ॅरनसन यांनी सहकाऱ्यांसह वर्गांचे निरीक्षण केले. शिक्षक प्रश्न विचारीत, मुले हात वर करीत आणि एकाचे चुकलेले उत्तर ही दुसऱ्याची संधी ठरे. आधीच्या शाळांत कमी सुविधा लाभलेली मुले या स्पर्धेत प्रारंभीच मागे पडत. म्हणजे मुले एकत्र बसली होती; परंतु त्यांचा दर्जा समान नव्हता आणि सहकार्याचे कारणही नव्हते.

जिगसॉ पद्धतीचे स्वरूप

यावर अ‍ॅरनसन यांनी जिगसॉ कोड्यासारखी रचना केली. भिन्न वंशांच्या सुमारे सहा मुलांचा एक गट करून पाठाचे तितकेच भाग पाडले जात. प्रत्येक मुलास एकच भाग मिळे. सर्व गटांतील तोच भाग मिळालेली मुले प्रथम एकत्र बसून तो समजून घेत. नंतर प्रत्येक जण आपल्या गटात परतून इतरांना तो शिकवी. परीक्षा मात्र संपूर्ण पाठावर असे.

या रचनेचे मर्म परस्परावलंबनात आहे. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा केल्यास त्याच्याकडील भाग कोणालाच कळणार नव्हता. त्यामुळे त्याला धीर देणे आणि नेमके प्रश्न विचारणे मुलांना भाग पडले. काही आठवड्यांतच मुलांमधील आपुलकी व आत्मविश्वास वाढल्याचे दिसून आले. अल्पसंख्य गटांतील मुलांची गुणवत्ता सुधारली आणि गोऱ्या मुलांचे नुकसान झाले नाही. गुणवाढीबाबत नंतरच्या सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, ही मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. तथापि पेटिग्रू व ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा आंतरगट संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः घटतो आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्यास तो अधिक घटतो, असे आढळले.

संस्थेचे पाठबळ

अध्यापनपद्धतीला नियमांची जोड आवश्यक असते. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली. त्या प्रकरणाच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने शाळांनी वर्णभेदी घटनांची नोंद ठेवावी, अशी शिफारस केली. पीडितास किंवा अन्य कोणासही जी घटना वर्णभेदी वाटते, ती तशी नोंदवावी, ही त्यामागील भूमिका होती. नोंद म्हणजे दोषनिश्चिती नव्हे. परंतु नोंदीअभावी चौकशीच होत नाही आणि 'ही मुलांची थट्टा' म्हणून विषय मिटतो.

भारतीय संदर्भ

वर्ण आणि जात या भिन्न व्यवस्था आहेत; मात्र प्रवेश म्हणजे समता नव्हे, हा धडा दोन्हींस लागू पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत प्रवेश होता. परंतु घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के प्रवेशाची तरतूद केली. दिल्लीतील खासगी शाळांचा गौतम राव यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरिबांबाबत कमी भेदभाव करू लागली, असे त्यात आढळले. एकाच अभ्यासगटातील प्रत्यक्ष सहवासाचा त्यात महत्त्वाचा वाटा होता.

समारोप

वर्णभेदाविरुद्ध शाळेचे खरे साधन तिच्या वेळापत्रकात आणि बैठकव्यवस्थेत असते. मिश्र गट शिक्षकाने स्वतः पाडणे, प्रत्येक मुलाकडे इतरांना आवश्यक असे काम सोपविणे, अपमानाच्या घटना नोंदविणे आणि मुख्याध्यापकांनी त्यांची दखल घेणे, या गोष्टींस मोठा खर्च लागत नाही. ज्या वर्गात दुसऱ्याचे ऐकल्याखेरीज स्वतःचा पाठ पूर्ण होत नाही, त्या वर्गात आदर ही रोजची सवय बनण्याची शक्यता वाढते.